सदतीस सह्या

अनसाबाई कोळपेची सही बघायला शेजारणी यायच्या. थट्टा करत नाही. ओट्यावर मांडी घालून ती पेन हातात धरायची, आधी कागदावर फुंकर मारायची, आणि मग 'अ'चं पोट असं काही गोल काढायची की बांगडी ठेवून गिरवलंय असं वाटावं. शेवटी नावाखाली एक सरळ रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ही टिंबं कशाला म्हणून कुणी विचारलं, की म्हणायची, "साहेबलोक देत्यात, म्हणून मी बी देती."

शिरूर आणि दौंडच्या मधल्या पट्ट्यात, नदीकाठी, एक नगरपालिकेचं गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथल्या दोन्ही गटांची माणसं भांडायला येतील, आणि त्यांच्याशी भांडण्यात आता काही राम नाही. त्या गावच्या पाणीपुरवठा समितीची अनसाबाई सभापती होती. साल अठ्ठ्याण्णव.

धनगराची लेक. जन्मली मेंढरांच्या वाड्यावर, म्हणजे रानातल्या तळावर, वाढली मेंढरांच्या मागं. तिच्या आईनं तिला जी काय शाळा शिकवली ती एवढीच: अनोळखी मुलखात पाणी लागलं की आधी म्हातारी मेंढी पुढं सोडायची. तिनं तोंड लावलं तर आपण प्यायचं, तिनं तोंड फिरवलं तर कितीही तहान असली तरी पुढं चालायचं. लग्न झालं, नवरा ज्योतिबा यानं मेंढरं मोडून थोडं रान घेतलं आणि गावाच्या कडेला घर बांधलं. तो गेल्यावर पोरगा हनुमंत कारेगावला कंपनीत लागला, तिकडंच खोली करून राहिला, रविवारी यायचा. घरात अनसाबाई आणि सून पूनम. दारात एक म्हातारी मेंढी तेवढी बांधलेली असायची, जुन्या सवयीची खूण म्हणून.

मग निवडणुकीत वॉर्ड बायकांसाठी राखीव पडला. नगराध्यक्ष बापूसाहेब म्हणजे डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर असलेला माणूस. ते स्वतः चालत आले. "अनसाबाई, तुमच्यासारखं साधं माणूस पाहिजे आम्हाला." साधं म्हणजे काय ते शहाण्यानं ओळखावं. ती निवडून आली, आणि पाणीपुरवठा समिती तिच्या गळ्यात मारली गेली. कारण उन्हाळ्यात शिव्या खायचं ते खातं कुणालाच नको होतं.

आता सहीचं सांगतो. गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा ती पन्नाशीला आलेली. पाटी घेऊन चार महिने गेली. नाव लिहायला आलं, आणि नेमकी तेवढ्यात ती निवडून आली. मग कसली पाटी! सभापती झालेल्या बाईनं रांगेत बसून 'क कमळाचा' म्हणायचं? तिला लाज वाटली. वर्ग सुटला तो सुटलाच. तर तिला स्वतःचं नाव लिहिता यायचं, आणि त्याच्यापलीकडं एक अक्षर वाचता यायचं नाही. हे घरात पूनमला ठाऊक होतं. बाकी गाव त्या सहीवर भाळलेलं. कागद आला की अनसाबाई तो डोळ्यांपुढं धरायची, ओळींवरनं बोट फिरवायची, कपाळाला आठी घालायची, आणि मगच सही करायची. हे सोंग तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की कधीकधी तिलाच वाटायचं, आपण वाचतोय.

रोज सकाळी सात वाजता तिच्या दारात मेहमूद यायचा. मेहमूद नगरपालिकेचा वॉलमन, म्हणजे कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते वॉल फिरवणारा माणूस. सायकलच्या दांडीला वॉलची लांब लोखंडी चावी बांधलेली, आणि पिशवीत एक काचेची नळी, एक औषधाची बाटली आणि एक वही. पाणी सोडलं की कुठल्या तरी नळाखाली ती नळी धरायची, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर टाकीत जंतू मारायची पावडर पुरेशी पडली आहे. रंग आलाच नाही तर पाणी कच्चं, पिऊ नये. जे दिसेल ते वहीत लिहायचं आणि सभापतीची रोज सही घ्यायची. दर सोमवारी नगराध्यक्षांची. ही पद्धत आधीच्या एका साहेबानं घालून दिली होती, की गाव काय पितंय ते गावाच्या पुढाऱ्याला रोजच्या रोज कळलं पाहिजे. पद्धत चांगली होती. कागदावर सगळ्याच पद्धती चांगल्या असतात.

"अक्का, आजची नोंद बघून घ्या," मेहमूद म्हणायचा.

अनसाबाई वही घ्यायची, बोट फिरवायची. "बघितली." मग सही, रेघ, टिंबं. तोवर पूनम दोन कप चहा आणायची. दोघं ओट्यावर बसून चहा प्यायचे, उन्हाळ्याच्या, लेकरांच्या गप्पा मारायचे. एकदा पूनम म्हणाली, "आत्या, मी वाचून दाखवू का काय लिहिलंय ते?" तर अनसाबाई केवढ्यांदा खेकसली. "सरकारी वही हाय ती! सुनांनी हात लावायचा न्हाई." पूनम पुन्हा बोलली नाही.

होळी झाली आणि पावडर संपली. संपायचं काही कारण नव्हतं. नवा ठेका बापूसाहेबांच्या भाच्याला द्यायचा की विरोधी गटाच्या हौसरावांच्या मेहुण्याला, यावर सभेत महिनाभर रणकंदन चाललं होतं. दोघंही मागं हटेनात. जुनी पोती संपली, नवी येईनात. मेहमूद हेडक्लार्ककडं गेला. तो म्हणाला, "तोंडी बोंबलत फिरू नको. काय असंल ते वहीत लिही. वाचायला सभापती हायत, अध्यक्ष हायत." मेहमूद चौदा वर्षं रोजंदारीवर होता, आणि कायम करायच्या माणसांची यादी निघायची होती. तोंड बंद ठेवणं त्याला भाग होतं. पण हात तर मोकळा होता. त्यानं शुद्ध, स्पष्ट अक्षरात लिहिलं: पावडर संपली. रंग आला नाही.

त्या सकाळी त्यानं वही पुढं केली. "अक्का, नीट बघा आज."

अनसाबाईनं आठी घातली, बोट फिरवलं. "बघितली. करती कायतरी."

'करती कायतरी' हे ती सगळ्यांनाच म्हणायची. दिव्याचा खांब मागायला आलेल्याला, रस्त्याला मुरूम मागायला आलेल्याला. पुढारपणात हे वाक्य जिभेवर फार लवकर बसतं. मेहमूद मात्र खूश होऊन गेला. अक्कांनी वाचलंय, आता अक्का बघतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा तेच ऐकलं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही तेच. आणि अनसाबाईला वाटत होतं, सगळं सुरळीत चाललंय. मेहमूदभाई किती इमानदारीनं काम करतो, रोज वही आणतो.

आठव्या दिवशीची गोष्ट. मेहमूदची लेक तहमीना दौंडहून माहेरी आली होती, सातवा महिना. तिकडं शेजारची लेक पोटुशी म्हणून माहेरी आली की तिला एक वेळ जेवू घालतात, त्यात जातपात बघत नाहीत. अनसाबाईनं पुरण घातलं. मेहमूद स्वतः लेकीला सोडायला आला. उंबऱ्याशी घुटमळला. "अक्का, हिला पाणी तेवढं तुमच्या माठातलंच द्या हां. बाकी कुठं पिऊ देत न्हाई मी हिला."

"आता बया!" अनसाबाई हसली. "माझ्या घरी आलीया, तर माझ्याच माठातलं देनार की. का नदीवर पाठवू?"

मेहमूदही हसला. त्याच्या घरी पाणी उकळून गाळून घेत होते, पोरीला दुसऱ्या कुणाच्या दारात पेलाही धरू देत नव्हते. हे एकच घर त्याला खात्रीचं वाटलं. इथं रोज वही वाचली जाते, इथलं पाणी उकळलेलंच असणार. तहमीना गोरीपान, बोलकी पोरगी. तीन पोळ्या खाल्ल्या. ऊन कडक होतं, तिनं तीनदा पाणी मागितलं, आणि तिन्ही वेळा अनसाबाईनं स्वतःच्या हातानं ओगराळं बुडवून पेला भरून दिला. जाताना तिची ओटी भरली, कानशिलावर बोटं मोडली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी म्हाताऱ्या मेंढीनं पाणी सोडलं. कुंडीत नळाचं पाणी ओतलं की ती वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. गावाखालची जुनी पाइप ओढ्याच्या गटारातून गेली होती, ती कुठं तरी फुटली होती. पण हे नंतर कळलं. अनसाबाईनं मेंढीच्या पाठीत चापट मारली. "माजलीस व्हय गं? सभापतीच्या दारातलं पानी गोड लागंना तुला!" आणि हसत घरात गेली. तेव्हा तिला आईचे शब्द आठवले नाहीत असं नाही. आठवले. पण ते वाड्यावरचं, डबक्या-ओढ्याचं शहाणपण झालं. हे तर टाकीचं पाणी, नगरपालिकेचं.

महिना होत आला तशी गावात कावीळ उठली. आधी कुणाचं लक्ष गेलं नाही, उन्हाळा बाधला म्हणाले, उसाचा रस प्यायले. मग एकेका गल्लीत चार-चार, पाच-पाच माणसं झोपली. नळीत दिसायला पाहिजे होता तो पिवळा रंग माणसांच्या डोळ्यांत दिसायला लागला. शेवटी शेवटी तहमीनालाही ताप आला, अन्न जाईना, आणि डोळे हळदीसारखे झाले. पोटुशीला कावीळ झाली की डॉक्टर मान खाली घालतात, ते या गावाला तेव्हा कळलं.

सदतिसाव्या दिवशी मेहमूद सायकल टाकूनच आत आला. जीप त्याच्या दारात उभी होती, तहमीना बरळत होती, तिला पुण्याला न्यायचं होतं. त्यानं वही ओट्यावर ठेवली. "सही करून ठिवा अक्का, आल्यावर नेतो." अशा वेळीही त्यानं नोंद चुकवली नव्हती. अनसाबाईनं सही केली, वही कणगीवर ठेवली, आणि देवापुढं दिवा लावला.

तिसऱ्या दिवशी तहमीना गेली. लेकरू पोटातच गेलं. त्या उन्हाळ्यात गावात सात माणसं गेली, त्यातली ती पाचवी.

बायकांनी रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेवर मोर्चा नेला, काचा फुटल्या. आणि मग पुढाऱ्यांची अक्कल कशी तडकाफडकी चालते बघा. महिनाभर ज्यांचं ठेक्यावर जमत नव्हतं त्या दोन्ही गटांचं एका दुपारी जमलं. दोन दिवसांत पावडरीची पोती पंपघरात येऊन पडली, जशी काय वर्षभर तिथंच होती. बापूसाहेब मोर्चापुढं उभे राहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, "पावडर होती. टाकणाऱ्यानं टाकली नाही. दोषी माणसाची गय केली जाणार नाही." त्याच दिवशी मेहमूदला कामावरून कमी केलं. त्याच्या घरी तहमीनाच्या तिसऱ्याची फातेहा चालू होती, तेव्हा शिपाई कागद घेऊन गेला. माझ्या लेकीच्या मरणाचं खापर माझ्याच डोक्यावर फोडताय, असं तो ओरडला असता तरी कुणी त्याला नावं ठेवली नसती. तो एवढंच म्हणाला, "वही बघा."

नगरपालिकेनं सांगितलं, वही नाही. मेहमूदनंच गहाळ केली. लेकीच्या दुःखात ती अक्कांच्या ओट्यावर राहिलीय हे त्याला सुचलं नाही, आणि त्याला कुणी विचारलंही नाही. चौकशीला पुण्याहून साहेब येणार, आणि पुरावा नसेल तर मेहमूदवर गुन्हा दाखल होणार, अशी गावात बोलवा उठली.

हे ऐकून अनसाबाईला आधी बरंच वाटलं. वही तर आपल्या कणगीवर आहे! मेहमूदभाई सुटला. दुपारची वेळ, तिनं वही काढली, झटकली, आणि पूनमपुढं ठेवली. "वाच गं. काय लिवलंय सगळं वाच." आपण होऊन सुनेपुढं वही ठेवायची तिची ही पहिलीच वेळ.

पूनम सातवी शिकलेली. तिनं वाचायला सुरुवात केली. "पावडर संपली. रंग आला नाही. पाणी पिण्यास योग्य नाही. सभापतींना दाखवले." खाली सही, रेघ, दोन टिंबं. पुढची ओळ तीच. त्याच्या पुढची तीच. पूनमचा आवाज बारीक होत गेला. "आत्या, सगळ्या दिवशी तेच हाय."

"वाच म्हनते ना."

"सतरावा दिवस. पाण्याला वास येतो. नळ बंद ठेवावेत असे मला वाटते. सभापतींना दाखवले, करते म्हणाल्या." पूनम थांबली. "इथं आन् दर सोमवारी इंग्रजीत सही हाय. बापूसाहेबांची."

शेवटच्या पानावर आल्या तेव्हा अनसाबाईनं हाताच्या बोटांवर मोजायचं थांबवलं होतं. पूनमनं सांगितलं, सदतीस. अनसाबाई भिंतीला टेकली. मग म्हणाली, "त्यानं मला रोज सांगितलं गं. रोज दारात येऊन सांगितलं. आन् मी त्याच्या लेकीला..." तिची नजर कोपऱ्यातल्या माठावर होती.

दिवस कलायच्या आधीच बापूसाहेबांची जीप आली. वही कुठं असणार हे हुशार माणसाला शोधावं लागत नाही. ते ओट्यावर बसले, पाणी नको म्हणाले.

"अनसाबाई, ती वही माझ्याकडं द्या."

"मेहमूदभाईचा जीव हाय त्या वहीत."

"आणि तुमचाही. माझ्या त्यात पाच सह्या आहेत, तुमच्या किती आहेत? तुरुंगात आधी कोण जाईल?" आवाज अजून गोडच. "मेहमूदला मी वाऱ्यावर सोडणार नाही. दोन वर्षांनी दुसरीकडं लावून घेऊ. पण वही पुढं आली, की साहेब तुम्हाला विचारणार, बाई, वाचून सह्या केल्या का न वाचता? काय सांगणार? एकदा सभेत तुम्ही विषयपत्रिका उलटी धरली होती, तेव्हा मी गप्प बसलो. गावापुढं तुमचं हसं होऊ नये म्हणून गप्प बसलो. उद्या सकाळी माणूस पाठवतो, तोवर विचार करा."

जीप गेली. खोटं कशाला सांगू, अनसाबाई वही घेऊन चुलीपर्यंत गेली. तुरुंगाचं भय तर होतंच, पण त्याहून मोठं भय वेगळं होतं. ज्या सहीसाठी शेजारणी ओट्यावर गोळा होत, तिच्यामागं अक्षराचा पत्ता नाही, हे आता सगळ्या गावाला कळणार. पूनम दारात उभी राहून बघत होती. अडवलं नाही. तेवढ्यात बाहेर मेंढी ओरडली. सकाळपासून तिला पाणी दाखवायचं राहून गेलं होतं. अनसाबाईनं वही चुलीच्या कडेला ठेवली, बाहेर आली, कुंडी भरली. मेंढीनं वास घेतला, थबकली, आणि मग तोंड खाली घालून घटाघटा प्यायली. पाइप दुरुस्त झाली होती. अनसाबाई तिच्याजवळ खाली बसली, त्या मुक्या जनावराच्या पाठीवर जिथं चापट मारली होती तिथं हात ठेवला आणि ओक्साबोक्शी रडली. मग उठून तोंड धुतलं, आत जाऊन वही पदरात गुंडाळली, आणि दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांचा माणूस आला तेव्हा त्याला दारातूनच वाटेला लावलं.

चौकशी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. खिडक्यांना माणसं लोंबकळत होती. मेहमूद एका कोपऱ्यात उभा, बसायला कुणी सांगितलं नव्हतं. अनसाबाई साहेबांच्या टेबलापर्यंत गेली आणि वही पुढं ठेवली.

"ही वही माझ्या घरात व्हती. मेहमूदभाईनं गहाळ केली न्हाई."

साहेबांनी पानं उलटली. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. "या सह्या तुमच्या?"

"माझ्या. सदतीस हायत."

"बाई, या माणसानं रोज लिहिलंय की पाणी पिण्यासारखं नाही. तुम्ही वाचलं नाही?"

अनसाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मला वाचता येत न्हाई, सायेब. नाव तेवढं लिवता येतं. वाचल्याचं सोंग करीत व्हते."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ती वळली नाही.

"पन ती सबब म्हनून सांगत न्हाई. अक्षर कळत नव्हतं, मेंढराचं तर कळत व्हतं! माझ्या दारातल्या मेंढीनं त्या पान्याला तोंड लावलं न्हाई, आन् मी तिलाच मारलं. सभापती म्हनून लोकांनी मला बसवलं ते कशाला? माझा दोष हाय, तो माझ्या नावावर लिवा. मेहमूदभाईनं त्याचं काम केलं." मग तिनं बापूसाहेबांकडं बोट केलं, तेच बोट जे ओळींवरनं फिरायचं. "आन् ह्या वहीत सोमवारच्या सोमवारी ह्यांची बी सही हाय. मी न वाचता केली. ह्यांनी वाचून केली. त्यातलं थोरलं पाप कुणाचं, ते तुम्ही शिकलेल्या मानसांनी ठरवा."

साहेबांनी पंखा बंद करायला सांगितला, कारण पानं उडत होती, आणि सगळं लिहून घेतलं.

बाहेर लिंबाखाली मेहमूद उभा होता. अनसाबाई त्याच्यापुढं गेली आणि हात जोडले. आयुष्यात तिनं देवाशिवाय कुणापुढं असे हात जोडले नव्हते. मेहमूद तिच्याकडं बघत राहिला. त्याला राग आला नव्हता. तो नुसता थकलेला दिसत होता.

"मला वाटायचं तुम्ही वाचताय," तो म्हणाला. "म्हनून तर पोरीला तुमच्याकडं जेवायला पाठवली. सगळ्या गावात तुमचंच घर मला खात्रीचं वाटलं, बाई."

बाई म्हणाला. पंधरा-वीस वर्षांत पहिल्यांदा अक्का म्हणाला नाही. तुरुंगात टाकलं असतं तरी तिला एवढं लागलं नसतं.

कावीळ नेमकी कुठल्या पेल्यातून आली, हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. त्या माठातून आली असेल, नसेलही. पूनमनं तिला हे कितीदा तरी समजावलं. अनसाबाईनं तो माठ फोडला नाही, टाकलाही नाही. घरात पाणी उकळायला लागल्यावर ते त्याच माठात भरायची.

पुढचं थोडक्यात सांगतो. अनसाबाईनं राजीनामा दिला. तिच्यावर आणि बापूसाहेबांवर खटला झाला, तो दहा वर्षं चालला आणि कुणालाही काही न होता विरून गेला. बापूसाहेब पुढच्या निवडणुकीत पडले, त्याच्या पुढच्या निवडणुकीत निवडून आले, हारतुरे घालून मिरवले. आपल्याकडं लोक विसरतात म्हणतात. विसरत काही नाहीत, दमतात. अनसाबाईचं हसं झालं ते झालंच. पोरं तिच्या घरावरून जाताना हवेत रेघ ओढून खाली दोन टिंबं द्यायची. ती नुसती बघायची. त्यानंतर तिनं सही म्हणून कुठंच केली नाही. रेशनच्या दुकानात, बँकेत, नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडं अंगठा दिला.

मेहमूदला परत कामावर घेतलं, आणि कायमही केलं. परत आला त्या पहिल्या सकाळी तो नव्या सभापतीकडं निघाला होता. त्या वाटेवर अनसाबाईचं घर लागतं. ती ओट्यावर बसली होती, मान खाली. सायकल थांबली. मेहमूद उतरला नाही, एक पाय जमिनीवर टेकवला, पिशवीतून वही काढली, आणि मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं: "रंग आला. पाणी पिण्यास योग्य."

अनसाबाईनं मान वर केली. मग म्हणाली, "ऐकलं."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा थांबला, तिसऱ्या दिवशीही. ती आता सभापती नव्हती, कुणीच नव्हती. तिला सांगायचं त्याच्यावर कसलंच बंधन नव्हतं. तरी थंडी असो, पाऊस असो, तो थांबायचा आणि नोंद वाचायचा. ज्या दिवशी रंग फिका आला त्या दिवशी तेही वाचायचा, आणि मग अनसाबाई पदर खोचून घरोघर फिरायची: "बायांनो, आज पानी उकळून घ्या." आधी लोक हसले. नंतर ऐकायला लागले. गल्लीतल्या बायका सात वाजता आपापल्या दारात येऊन उभ्या राहायच्या, मेहमूद काय वाचतो ते ऐकायला.

पूनम रोज दोन कप चहा आणायची. मेहमूद रोज म्हणायचा, "नको, बाई." एकदा अनसाबाईनं विचारलंच, "अजून राग हाय व्हय, मेहमूदभाई?"

"राग न्हाई. अल्लाची शपथ, राग न्हाई. पन ह्या ओट्याकडं बघितलं की पोरगी दिसती. घशाखाली उतरत न्हाई."

असं अकरा वर्षं चाललं. दोन हजार नऊ साली मेहमूद निवृत्त झाला. शेवटच्या सकाळी तो आला तेव्हा सायकल भिंतीला लावून पहिल्यांदाच खाली उतरला. केस पांढरे झाले होते, वॉल फिरवून फिरवून उजवा खांदा झुकला होता. पूनमनं चहा आणून ठेवला. मेहमूदनं वही उघडली, चष्मा लावला आणि सावकाश वाचलं: "रंग आला. पाणी पिण्यास योग्य." वही मिटली. 

"येतो मी, अक्का," म्हणाला.

"ऐकलं," अनसाबाई म्हणाली, आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

चहा मात्र त्यानं त्याही दिवशी घेतला नाही.